भिंतीवरचं ०.९२

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिण्याचा अधिकार ज्याला म्हणतात तो माझ्याकडे नाही. माझं शिक्षण हिंदी माध्यमात झालं. मराठी मी घरात बोलून आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची पानं वाचून शिकलो, आणि आमच्या घरातली मराठी पुस्तकातल्या मराठीसारखी नाही हे मला बरंच उशिरा कळलं. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं कुणाला दाखवून ‘हे बरोबर आहे का’ असं विचारण्याचीही सोय नाही. चुका असतील. त्या माझ्या समजाव्यात.

सांगायचं आहे ते खरं तर एका गणिताबद्दल. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा कुठलाही मुलगा ते दोन ओळींत सोडवतो. भट्टीत तासाला इतके किलो तेल जाळायचं आहे, तर तासाला किती लिटर सोडायचं? किलोला तेलाच्या घनतेनं भागायचं, झालं. परीक्षेत याला फार गुणही नसतात. पण गेल्या पावसाळ्यात मी या दोन ओळींना जितका घाबरलो तितका आजवर कशालाच घाबरलो नाही, कारण त्यांच्या शेजारी माझे बाबा रोज पूर्ण पाळी उभे असत.

आजोबा गोंदियाकडचे. धानाची शेती भावांवर सोडून ते भिलाईला आले आणि मोठ्या कारखान्यात लागले. बाबांचं वय होईपर्यंत तिथली भरती आटली होती, म्हणून बाबा इंडस्ट्रियल एरियातल्या एका खासगी रोलिंग मिलमध्ये गेले आणि तिथेच राहिले. मिल लहान. लोखंडाचे लांब चौकोनी ठोकळे, ज्यांना बिलेट म्हणतात, ते भट्टीत तापवायचे आणि रोलांमधून दाबून त्यांच्या सळया काढायच्या. बाबा भट्टीचे ऑपरेटर.

भट्टीत फर्नेस ऑइल जळायचं. हे तेल डांबराच्या चुलतभावासारखं असतं. थंडीत बादलीत ओतलं तर बादली उलटी केली तरी पडायला वेळ लावतं. म्हणून भट्टीच्या शेजारी लोखंडी चबुतऱ्यावर एक छोटी टाकी होती. खालच्या मोठ्या टाकीतून पंपानं तेल या वरच्या टाकीत यायचं, तिथे विजेचा हिटर ते तापवायचा, आणि पातळ झालेलं तेल मीटरमधून बर्नरला जायचं. बाबांची जागा त्या चबुतऱ्यावर होती. एका बाजूला टाकी, दुसऱ्या बाजूला मीटर आणि व्हॉल्व्ह, मागे भिंत.

आमच्या गावात सगळं वजनात चालतं. लोखंड टनात येतं आणि टनात जातं. म्हणून ऑफिसही भट्टीला किती तेल द्यायचं ते किलोतच सांगायचं. पण पाइपात बसवलेलं मीटर वजन ओळखत नाही. किती जागा भरून तेल गेलं तेवढंच त्याला कळतं, म्हणजे लिटर. किलोचे लिटर करायला एक आकडा लागतो आणि तो बाबांच्या पाठीमागच्या भिंतीवर पांढऱ्या ऑइल पेंटनं लिहिलेला होता: ०.९२. त्याच्याखाली दुसरा आकडा: ९५. वरच्यानं भागायचं, खालच्याइतक्या अंशांवर तापवायचं. मिल सुरू झाली तेव्हाच्या मोठ्या मिस्त्रीनं हे दोन आकडे लिहिले होते, असं सगळे सांगत. ते मिस्त्री केव्हाच गावी जाऊन वारले. आकडे राहिले.

दरवर्षी विश्वकर्मा पूजेला भिंतीला चुना लागायचा आणि तेच दोन आकडे, त्याच वळणाचे, पुन्हा रंगवले जायचे. मग त्यांना हळदीकुंकू लागायचं. प्रत्येक यंत्रासमोर दिवा ठेवत तसा एक दिवा चबुतऱ्यावर, वरच्या टाकीच्या झाकणाशी, ठेवला जायचा. लहानपणी आईचं बोट धरून मी ते पाहिलं आहे. त्या दिवशी मिल बंद असते आणि घरच्यांना आत सोडतात. बुंदी मिळते. मला तो चबुतरा देवळातल्या गाभाऱ्यासारखा वाटायचा.

दुसरं वर्ष संपल्यावर उन्हाळ्यात मी त्याच मिलमध्ये ट्रेनिंगला गेलो. तिथल्या साहेबांनी परवानगी दिली. साहेब नागपूरकडचे, बोलायला साधे. पंपावर बाबांचे सोबती होते, अहिवाऱ्याकडचे छत्तीसगढी. ते आईला दीदी आणि बाबांना भांटो म्हणत, म्हणजे बहिणीचा नवरा. म्हणून ते माझे मामा. छत्तीसगढात मामा भाच्याच्या पाया पडतो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. मामा रोज सकाळी गेटवर माझ्या पायांना हात लावायचे आणि मी रोज मागे सरकायचो.

“पांव परत हौं, भांचा,” ते म्हणायचे, आणि मग लगेच, “आज हमर भट्ठी ला का सिखाबे?”

पहिले काही दिवस मी नुसता पाहत होतो. मग एक दिवस नवा टँकर आला आणि खालच्या टाकीत रिकामा झाला. त्या संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा आईनं त्यांचा शर्ट दारातच काढायला लावला.

“हा वास कावून येऊन राहिला? टायर जाळले का काय तिकडे?”

“तेल नवं आलं,” बाबा म्हणाले.

“तेल नवं आलं तं तुम्ही आंघोळ केली का त्याच्यात?”

आईनं तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवला. दुसऱ्या दिवशी बादलीतल्या पाण्यावर पातळ रंगीत तवंग होता, जसा पेट्रोल पंपाजवळच्या डबक्यावर असतो. फर्नेस ऑइलचा डाग मी लहानपणापासून पाहिला आहे. तो काळा आणि चिकट असतो, त्याला रंग नसतात.

त्याच आठवड्यात भट्टी मंदावली. बिलेट पिवळट नारिंगी निघायला हवं ते मंद लाल निघू लागलं. थंड बिलेट रोलात अडकतं, मग सगळी लाइन थांबते आणि आरडाओरडा होतो. साहेब चबुतऱ्यावर आले, ज्वाळा पाहिली, म्हणाले, “तेल घट्ट आलंय या वेळी. नीट फवारत नाहीये. हिटर वाढवा.”

हे चुकीचं सांगणं नव्हतं. त्या मिलमध्ये इतक्या वर्षांत भट्टी मंदावली की कारण एकच असायचं, घट्ट तेल, आणि उपायही एकच. बाबांनी हिटर पंचाण्णववरून एकशे पाचवर नेला. भट्टी आणखी मंदावली. दुसऱ्या पाळीनं एकशे पंधरा केला. ती आणखी मंदावली.

मी खालच्या फरशीवर खडूनं आकडे मांडले. ऑफिसनं सांगितलं होतं तासाला तीनशे अडुसष्ट किलो. भिंतीवरच्या आकड्यानं भागलं की चारशे लिटर येतात. बाबा मीटरवर बरोबर चारशे लिटर लावत होते. पण तेल जर हलकं असेल, तर त्या चारशे लिटरचं वजन तीनशे अडुसष्ट किलो भरतच नाही. आणि तापवलं की तेल फुगतं. तेवढ्याच लिटरमध्ये आणखी कमी किलो मावतात. म्हणजे हिटर जितका वाढवू तितकं भट्टीला तेल वजनानं कमी पोचत होतं. भट्टी मंद, म्हणून हिटर जास्त. हिटर जास्त, म्हणून भट्टी आणखी मंद. मी फरशीवर एक बाण काढला, मग दुसरा, आणि दोन्ही बाण एकमेकांच्या मागे लागल्यासारखे गोल फिरून आले.

त्या गोलाकडे पाहताना मला भट्टीची काळजी वाटली नाही. भट्टी मंद झाली तर सळया कमी निघतील. मला आठवलं ते आमच्या सरांनी वर्गात सांगितलेलं, की हलकं तेल तापवायचं नसतं, कारण त्यातून वाफ निघते आणि वाफ ठिणगीची वाट पाहत बसते. वरच्या टाकीच्या झाकणावर त्या दुपारी हवा थरथरत होती, जशी उन्हात नंदिनी रोडच्या डांबरावर थरथरते. आणि त्या हवेच्या पलीकडे बाबा उभे होते. ते थोडे वाकडे दिसत होते.

चहाच्या सुट्टीत मी बोललो.

“बाबा, तेल घट्ट नाही आहे. पातळ आहे.”

“तापवलं का पातळ होतेच.”

“थंड असतानाही पातळ आहे. खालच्या टाकीतलं पाहा. ते हलकं आहे. भिंतीवरचा आकडा त्याला लागत नाही.”

बाबांनी बशीतला चहा संपवला. “आकडा सगळ्याले लागते. इतकी वर्षं लागून राहिला.”

मामा बाजूला बसले होते. “ले, भांचा अब तेल ला घलो पढ़ाही,” भाचा आता तेलालाही शिकवणार, असं ते हसून म्हणाले. “तेल बेटा, कान पकड़, खड़ा हो जा.”

बाबा हसले नाहीत. मला वाटतं त्यांनाही तो वास सहन होत नव्हता. रात्री जेवताना त्यांचं डोकं दुखायचं आणि ते आईला न सांगता कपाळ दाबत बसायचे. सुट्टीच्या दिवशी त्यांनी पिशवीतून पाण्याची एक लिटरची बाटली काढली. तिच्यात खालच्या टाकीतलं तेल होतं.

“चाल,” ते म्हणाले. “तुह्या गणिताले काट्यावर ठेवू.”

सुपेल्याच्या बाजारात बाबांच्या ओळखीचा एक भंगारवाला आहे. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे. तशीच दुसरी बाटली पाण्यानं भरून आम्ही आधी ती ठेवली, मग तेलाची. भंगारवाला गल्ल्यावरून वाकून पाहत होता.

“क्या भाई, बाप-बेटा दोनों तौल करा रहे हो? लड़की वालों को दिखाना है क्या?”

“लड़का भारी है कि हलका, वही देख रहे हैं,” बाबा म्हणाले.

तेलाची बाटली हलकी निघाली. फर्नेस ऑइल पाण्यापेक्षा जरासंच हलकं असायला हवं. काट्यावर लिटरला आठशे साठ ग्रॅमच्या आसपास आलं, आणि तेही गार असताना. हिटरवर चढल्यावर ते आठशे-आठशे दहावर जाणार, म्हणजे भिंतीवर ०.९२ च्या जागी ०.८१ असायला हवं होतं. मी हे हळू आवाजात सांगितलं. बाबांनी बाटली पुन्हा काट्यावर ठेवली, जणू काटा आता वेगळं बोलेल. तो तेच बोलला.

“ये तेल नहीं है,” भंगारवाला बाटलीचं झाकण हुंगून म्हणाला. “ये टायर का है. उधर उरला के इंडस्ट्रियल एरिया में भट्ठी लगी है, पुराना टायर पकाते हैं. मेरे यहाँ से भी ले जाते हैं टायर.” आणि त्यानं बाटली पटकन लांब केली, कारण शेजारी त्याचा मुलगा गॅस कटरनं पत्रा कापत होता. त्याच्या या झटक्याची मला पुढे फार आठवण येत राहिली. त्याला गणित माहीत नव्हतं आणि त्याची त्याला गरजही नव्हती.

सोमवारी बाबा साहेबांकडे गेले. मीही मागे उभा राहिलो. बाबा आधी हिंदीत सुरू झाले, मग मराठीत आले, कारण बाबांना घाबरल्यावर मराठी येते.

“साहेब जी, पोट्टं म्हणते का तेल हलकं हाय. आम्ही काट्यावर पाहिलं. हिटर कमी करा लागते, आणि लिटर वाढवा लागते.”

साहेबांनी माझ्याकडून कागद घेतला आणि पूर्ण वाचला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्यांनी वाचलं.

“तुझं गणित बरोबर आहे,” ते मला म्हणाले. “मी नाही म्हणत नाही. पण टँकरच्या कागदावर फर्नेस ऑइल लिहिलंय. मी भिंतीवर ०.८१ लिहिलं, तर त्याचा अर्थ मी म्हणतो की हे फर्नेस ऑइल नाही. मग मालक मला विचारणार, तर घेतलं कुणी? सही कुणाची?” त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. “पूजेला भिंत रंगवायचीच आहे. तोवर लॅबला पाठवलेल्या सॅम्पलचा रिपोर्ट येईल. तेव्हा आकडा बदलू. एवढे दिवस काही झालं नाही ना?”

बाबा म्हणाले, “नाही जी.”

तोवर काही झालं नव्हतंच.

मग बाबांनी आपल्या परीनं एक वाट काढली. आपल्या पाळीत ते हिटर हळूहळू खाली आणायचे आणि व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडायचे. भट्टी बऱ्यापैकी चालायची. पण पाळी संपली की दुसरा ऑपरेटर चबुतऱ्यावर यायचा, भिंतीकडे पाहायचा, मीटर चारशेवर आणायचा, भट्टी मंदावायची, आणि हिटर पुन्हा वर जायचा. बाबा त्याला सांगायचे. तो म्हणायचा, “भिंतीवर लिहून द्या, करतो.”

जुलैच्या शेवटी मी बिलासपूरला हॉस्टेलवर परतलो. निघताना मामांनी गेटवर पायांना हात लावला आणि म्हणाले, “भांटो के चिंता झन कर. मैं हौं ना.”

त्यानंतर रोज संध्याकाळी मी बाबांना फोन करायचो. याआधी आमचं फोनवर फारसं बोलणं नसे. जेवला का, हो, आईशी बोल, एवढंच. आता आमच्याकडे एक विषय होता.

“आज किती?” मी विचारायचो.

“पंच्याऐंशीवर आणला होता. सकाळी आलो तं एकशे वीस होता.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा. “आज किती?”

“ऐंशी. पण रात्रपाळीनं कितीवर नेला कोणाले माहीत.”

बाबा असे बोलायचे जसं एखाद्या आजारी माणसाचा ताप सांगतात. मी हॉस्टेलच्या गच्चीवर उभा राहून ऐकायचो. खाली पोरं क्रिकेट खेळत असायची. एकदा ते हसत म्हणाले की भट्टी पुन्हा पेटवताना बर्नरच्या तोंडातून ‘फप्’ करून ज्वाळा बाहेर आली आणि त्यांच्या डाव्या भुवईचे केस गेले. “फुकटात हजामत झाली,” ते म्हणाले. मागून आईचा आवाज आला, “सांगा, सांगा, पोराले हसत हसत सांगा.” मग एकदा म्हणाले की चबुतऱ्याच्या कठड्यावर साळुंक्या बसायच्या, त्या आता बसत नाहीत. हे त्यांनी असंच सांगितलं, दुसऱ्या कशावरून तरी निघालं म्हणून. टाकीच्या झाकणाचा रंग फुगून सोलून निघाला होता, तेही असंच.

मी साहेबांना मेसेज केला. फार विचार करून, इंग्रजीत, नम्रपणे. उत्तर आलं की रिपोर्ट यायचा आहे. मी पुन्हा केला. त्यावर दोन निळ्या खुणा आल्या आणि बाकी काही आलं नाही. मी बाबांना म्हणालो की तुम्ही काही दिवस सुट्टी घ्या. ते म्हणाले, “मी सुट्टी घेतली तं दोन्ही पाळ्या एकशे वीसवर चालतीन. आणि खाली पंपावर मामा हाय, त्याचं काय?”

सप्टेंबर आला. पूजेच्या आदल्या संध्याकाळी आई फोनवर आनंदात होती. हिरवं लुगडं काढलं होतं. शेजारच्या दोन पोरी आणि त्यांची आई, असे सगळे मिळून मिलमध्ये जाणार होते. “भिंतीले चुना लागला म्हणते,” ती म्हणाली. मी विचारलं, आकडा? “तो उद्या लिहितीन. पूजेआधी.” मला वाटलं, चला, एक दिवस राहिला.

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्येही विश्वकर्मा पूजा असते. लेथला झेंडूची माळ, ड्रिल मशीनला कुंकू. आम्ही मुलं ताटात दिवे घेऊन एकेका यंत्रापुढे ठेवत होतो. मी वेल्डिंगच्या कोपऱ्यात गेलो. तिथे गॅसचे सिलिंडर उभे होते. मी वाकलो तेवढ्यात वर्कशॉपच्या इन्स्ट्रक्टरांनी मागून माझं मनगट धरलं.

“अरे, इधर नहीं! दीया इधर नहीं रखते. बाहर रख, दरवाजे पे.”

त्यांनी दिवा माझ्या हातातून घेतला आणि दाराबाहेर ठेवला. मी तसाच वाकलेला राहिलो.

इतके आठवडे मी हिटर, मीटर, लिटर आणि किलो यांचाच विचार करत होतो. ठिणगीचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर भट्टी यायची, कुणाची तरी विडी यायची, वायरिंग यायचं. दिवा आला नव्हता. तो तर दरवर्षीचाच होता. वरच्या टाकीच्या झाकणाशी, हळदीकुंकवाच्या शेजारी, तेलात भिजलेली वात. घट्ट फर्नेस ऑइलवर तो इतकी वर्षं निवांत जळला होता. आज टाकीत ते तेल नव्हतं. आज मिल बंद, म्हणजे तेल वाहत नव्हतं, नुसतं साठून तापत होतं. आणि चबुतऱ्याखाली हिरव्या लुगड्यातली आई, शेजारच्या पोरी, सगळ्यांच्या घरची माणसं बुंदीसाठी उभी.

मी बाहेर येऊन बाबांना फोन लावला. वाजत राहिला. आईला लावला. वाजत राहिला. मामांचा बंद. साहेबांचा व्यस्त. मी पुन्हा बाबांना लावला. आत आरती सुरू झाली होती आणि कुणीतरी माझ्या हातात प्रसादाचा द्रोण दिला. त्यात बुंदी होती. मी तो धरून उभा राहिलो आणि दुसऱ्या हातानं पुन्हा पुन्हा तेच नंबर लावत राहिलो. शेजारीणकाकूंचा नंबर माझ्याकडे नव्हता. मिलच्या गेटवरच्या फोनचाही नव्हता. भिलाईच्या बातम्या मोबाइलवर उघडल्या. एका नेत्याचा दौरा होता, सेक्टरमधली पाणीकपात होती. मिल नव्हती. नाही म्हणजे काही झालेलं नाही, की अजून कुणाला कळलेलं नाही, हे त्यावरून ठरत नव्हतं.

ऊन कलंडलं. मुलं जेवायला गेली. मी वर्कशॉपच्या पायरीवर बसलो होतो. दारातला तो दिवा विझला होता.

संध्याकाळी आईचा फोन आला. आधी नुसती गडबड ऐकू आली, रिक्षाचा आवाज, मग ती.

“तुह्या बाबानं आज काय केलं, इचार त्याइले.”

“आई, सगळे ठीक आहेत ना?”

“ठीक? कोणाले काय होते? चार लोकांत नाक कापलं, तेवढं झालं.”

मी पायरीवरच खाली वाकलो. मग तिनं सगळं सांगितलं, रागात, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. बाबा पहाटेच मिलमध्ये गेले होते. कुणाला न विचारता त्यांनी हिटर बंद केला आणि वरच्या टाकीतलं तेल खाली सोडून ती रिकामी केली. पूजेच्या वेळी साहेबांनी ताट देऊन दिवा वर न्यायला सांगितलं, तर बाबा शिडीपाशी आडवे उभे राहिले. “दिवा वर नाही जाणार जी. खालीच ठेवा.” आधी लोक हसले. मामा म्हणाले, “भांटो, पूजा आय, जावन दे.” बाबा हलले नाहीत. मग मालक आले, त्यांच्या घरच्या बायका आल्या. पूजेत अडथळा, मिलचा अपशकुन, असं सगळं झालं. मालकांनी सगळ्यांसमोर बाबांना सांगितलं, उद्यापासून घरी बसा.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. मामानंच नेला दिवा वर. ठेवला झाकणावर. काहीच तं झालं नाही! सगळे पाहत होते. मालक म्हणे, देखो, क्या हुआ? कुछ हुआ?”

टाकी रिकामी होती. गार होती. बाबांनीच ती रिकामी केली होती. मी हे आईला सांगायला तोंड उघडलं, पण तिनं फोन बाबांकडे दिला होता.

“जेवला का?” बाबांनी विचारलं.

“हो,” मी खोटं बोललो. “बाबा, भिंतीवर काय लिहिलं?”

“तेच. झिरो पॉइंट ब्याण्णव. रिपोर्ट नाही आला म्हणते.” त्यांनी श्वास घेतला. “आरती झाल्यावर पंप चालू केला त्याइनं. टाकी भरली पुन्हा. माझ्या जागेवर उद्यापासून मामा हाय. त्याले सांगतलं मी सगळं. तो हसला. म्हणे, दिवा ठेवला ना मी, माझ्या हातानं? काय झालं?”

रिक्षा कुठेतरी थांबली असावी, कारण आवाज एकदम कमी झाला. मी रोजचं विचारलं.

“हिटर किती आहे, बाबा?”

“ते आता मले कसं माहीत होईन, बेटा,” बाबा म्हणाले.